उघडत नाही म्हणजे बुडाली असं नाही

सुरतच्या पर्वत पाटिया परिसरात साडी आणि ड्रेस मटेरियलचा मोठा घाऊक व्यापार चालतो. उधारी, दलाली, बिल्टीचे नंबर, परत आलेला माल, सगळं संगणकात. शेजारच्या लिंबायत-उधन्यात खानदेशातून आलेली मराठी वस्ती मोठी आहे आणि कापडाच्या या धंद्यात तीही आहे. अशा पेढीवर डेटाबेसची फाइल उघडेनाशी झाली की पहिला शब्द निघतो, ‘करप्ट झाली!’ पुष्कळदा ते खरं नसतं.

‘अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट’ हा संदेशच घ्या. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसची फाइल बिघडली की तो दिसतो, हे खरं. पण अ‍ॅक्सेस २००७पासून .accdb हा नवा प्रकार आला, आणि जुन्या ‘जेट’ इंजिनावर चालणाऱ्या बिलिंग प्रोग्रामला अशी धडधाकट फाइल दिली तरी तो हेच सांगतो. उलट अडचणही आहे. अ‍ॅक्सेस ९७मध्ये बनवलेली .mdb फाइल अ‍ॅक्सेस २०१३ किंवा त्यापुढच्या आवृत्तीत उघडतच नाही. तिच्यातली एकही नोंद हललेली नसते. अ‍ॅक्सेस २००३ किंवा २०१०मध्ये ती उघडून ९७नंतरच्या प्रकारात साठवली, की पुढचा रस्ता मोकळा होतो. म्हणून कोपऱ्यातला जुना संगणक भंगारात घालण्याआधी त्यावर कोणती आवृत्ती आहे, ते जरूर पाहावं.

मग .mdb पुसून .accdb लिहिलं तर? काही होत नाही. पाटी बदलते, फाइलचा आतला प्रकार तोच राहतो. फाइलची प्रत नोटपॅडमध्ये उघडली (आणि सेव्ह न करता बंद केली) तर अगम्य चिन्हांच्या सुरुवातीलाच ‘स्टँडर्ड जेट डीबी’ किंवा ‘स्टँडर्ड एसीई डीबी’ अशी इंग्रजी अक्षरं दिसतात. पहिली ओळख जुन्या प्रकाराची, दुसरी नव्याची. फाइलवर पासवर्ड नसताना तिथे दुसरंच काही दिसलं, तर मात्र बिघाडाची शंका रास्त आहे.

फाइलशेजारी दिसणारी .laccdb ही छोटी फाइल अनेकांना व्हायरस वाटते. ती कुलपाची नोंद आहे: डेटाबेस कोणत्या संगणकावर उघडा आहे, हे तीत लिहिलेलं असतं. सगळे बाहेर पडले की ती सहसा आपोआप जाते. वीज गेल्यावर मागे राहिलीच, तर सर्व संगणकांवर अ‍ॅक्सेस बंद असल्याची खात्री करूनच ती काढावी.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’बद्दलचा आहे. हे बटण दाबल्याने नुकसान होणारच नाही, असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात जी नोंद वाचता येत नाही, ती दुरुस्तीत गळू शकते. त्यामुळे आधी फाइलची प्रत काढायची, मूळ फाइल बाजूला ठेवायची आणि प्रयोग प्रतीवरच करायचे. दुरुस्तीनंतर ‘एमसिसकॉम्पॅक्टएरर’ नावाचा तक्ता तयार झाला असेल तर तो वाचावा. कुठे अडचण आली, ते त्यात लिहिलेलं असतं.

आकारही तपासा. अ‍ॅक्सेसची मर्यादा २ जीबी. वर्षानुवर्षं एकाच फाइलमध्ये भर घालणाऱ्या पेढीला ती अचानक गाठते.

पेन ड्राइव्हवर प्रत आहे, म्हणजे बॅकअप आहे, हेही अर्धंच खरं. कुणी बिलं भरत असताना काढलेली प्रत अर्धवट लिहिलेली निघू शकते. ती सगळ्यांनी काम बंद केल्यावर काढावी, आणि दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी.

ही काळजी केवळ सोयीची नाही. जीएसटी कायद्यानुसार संबंधित वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावे लागतात.

आणि पाण्याचं काय? ऑगस्ट २००६मध्ये तापीच्या पुरात सुरतचा मोठा भाग बुडाला होता, आणि पर्वत पाटियाकडे पावसाळ्यात खाडीचं पाणी चढतं. भिजलेली हार्ड डिस्क उन्हात वाळवून ‘चालते का बघू’ म्हणत सुरू करणं घातक आहे. आतल्या तबकड्यांवर गाळ असला तर फिरताना त्या ओरखडतात. तिला वीज न देता ती डेटा परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्यावी, आणि ती पाण्यात बुडाली होती हे तिथे स्पष्ट सांगावं.