पाकिटातल्या नूडल्स आणि मूठभर मटकी

कामावरून आठ वाजता घरी पोचल्यावर कणीक मळण्याची, भाजी निवडण्याची ताकद अनेकांच्या अंगात उरत नाही. अशा वेळी नूडल्सचे पाकीट फोडण्यात ओशाळण्यासारखे काहीच नाही. झटपट शिजणाऱ्या अन्नाचा शोध अशाच दमलेल्या माणसांसाठी लागला.

१८८०च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या हजारो स्त्रिया दिवसभर कारखान्यांत राबत होत्या. चूल पेटवायला वेळ नसे, मांस परवडत नसे, आणि कामगारांची घरे अर्धपोटी राहत. फ्रिडोलिन शुलर हे डॉक्टर कारखान्यांचे निरीक्षकही होते. स्वस्त आणि प्रथिनांनी भरलेली कडधान्ये या घरांत पोचावीत, असा आग्रह त्यांनी धरला. पिठाची गिरणी चालवणाऱ्या युलियस मॅगी यांनी ते मनावर घेतले आणि वाटाणा-घेवड्याच्या पिठाची झटपट सुपे बाजारात आणली. आज आपल्याकडे मैद्याच्या नूडल्सना चिकटलेले हे नाव सुरुवातीला कडधान्यांचे होते.

झटपट नूडल्स आल्या जपानमधून. ओसाकाजवळ घरामागच्या एका खोपटात मोमोफुकू आंदो यांनी खटपट करून १९५८ साली पहिल्या इन्स्टंट नूडल्स विकायला आणल्या. त्यांची युक्ती आपल्या कुरडईच्या जवळची आहे. कुरडईसाठी गव्हाचा चीक आधी शिजवतात, मग उन्हात वाळवतात. नूडल्सही आधी वाफवल्या जातात. त्यात पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगतो, म्हणजे शिजतो. मग उन्हाऐवजी तापलेले तेल वापरतात. दीडेकशे अंश सेल्सिअसच्या तेलात आतल्या पाण्याची क्षणार्धात वाफ होते, ती बाहेर पडताना बारीक छिद्रे सोडून जाते आणि ओलावा दहा टक्क्यांच्याही खाली उतरतो. घरी आपण उकळते पाणी घालतो तेव्हा ते याच छिद्रांतून आत शिरते. थोडक्यात, शिजवण्याचे मुख्य काम कारखान्यातच झालेले असते, आपण फक्त भिजवतो. शिवाय गॅस बंद केल्यावरही नूडल्स पाणी पीतच राहतात, म्हणून त्या किंचित कडक असतानाच उतरवाव्यात.

या युक्तीची किंमतही आहे. तळलेल्या नूडल्समध्ये साधारण १५ ते २० टक्के तेल राहते. उरलेला बहुतेक भाग मैदा. प्रथिने थोडी, तंतू त्याहून थोडे. म्हणून ताटली संपते आणि थोड्या वेळात पुन्हा भूक लागते. मुलांच्या बाबतीत तर हे नेहमीच दिसते.

इथे शुलर यांचे म्हणणे पुन्हा कामाला येते. पाकिटात कडधान्य परत घाला! आपल्याकडे त्यासाठी मोड आलेल्या मटकीसारखे दुसरे काही नाही. कोरड्या मटकीत शंभर ग्रॅमला सुमारे २३ ग्रॅम प्रथिने असतात. तीस ग्रॅम मटकी भिजवून मोड आणले, तर एका पाकिटातल्या नूडल्सइतकी प्रथिने त्यात सहज मिळतात. शिवाय दोघांची जोडी जमते. गव्हात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, ते मटकीत भरपूर. मटकीत मेथिओनिन कमी, ते गव्हात असते. मोड येताना लोहाला धरून ठेवणारे फायटिक आम्लही कमी होते. वरून लिंबू पिळले, तर त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे मटकीतले लोह शरीरात अधिक शोषले जाते. मात्र हे जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते, तेव्हा लिंबू ताटलीत वाढल्यावरच पिळायचे.

राहिला मिठाचा प्रश्न, आणि तो खरोखर गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला दोन ग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम मीठ घ्यावे. त्याचा मोठा वाटा अनेक नूडल्सच्या एकाच पाकिटातून पोटात जातो. मसाल्याची पुडी अर्धीच वापरा. चव उतरेल अशी भीती वाटेल, पण तिथे एक जुना शोध मदतीला येतो. टोकियोतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८मध्ये समुद्रशेवाळाच्या सारातून ग्लुटामेट वेगळे काढले आणि त्याच्या रुचकर चवीला ‘उमामी’ म्हटले. पिकलेल्या टोमॅटोत हेच ग्लुटामेट असते. अनेक पुड्यांवर ६२७, ६३१ किंवा ६३५ असे आकडे छापलेले दिसतात. ते पदार्थ ग्लुटामेटची चव कित्येक पटींनी वाढवतात. म्हणून एक लालबुंद टोमॅटो आणि अर्धी पुडी एवढ्यावर चव पुरेशी भरते.

कृती साधी आहे. चमचाभर तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता. त्यावर कांदा, टोमॅटो, मग मटकी आणि पाणी. झाकण ठेवून मटकी बोटाने दबेपर्यंत शिजू द्या; नूडल्स आणि अर्धी पुडी शेवटी. वरून मीठ नको.

मटकीला मात्र आधीपासून तयारी लागते. आज रात्री झोपण्यापूर्वी दोन मुठी भिजत घाला, सकाळी निथळून फडक्यात बांधा. मोड आले की डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत वापरून टाका.