दाते की छर्रे?

मोटार वळण घेते तेव्हा तिच्या मागच्या दोन चाकांचे एकमत नसते, ही गोष्ट रोज मोटारीतून फिरणाऱ्यांच्याही सहसा ध्यानात येत नाही. बाहेरच्या बाजूच्या चाकाला मोठ्या वर्तुळावरून जावे लागते, आतल्या चाकाला लहान वर्तुळावरून. काळ दोघांना सारखाच मिळतो आणि अंतर मात्र सारखे नसते. साहजिकच बाहेरच्या चाकाने अधिक वेगाने फिरले पाहिजे आणि आतल्याने कमी वेगाने.

आपल्या बैलगाडीला ही अडचण कधी पडली नाही. तिची दोन्ही चाके आसावर आपापली मोकळी फिरतात, आणि गाडी ओढण्याचे काम चाकांकडे नसून बैलांकडे असते. मोटारीत मात्र ओढ चाकांमधूनच येते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जखडली, तर वळणावर त्यांतल्या एकाला फरफटत जावे लागेल. रबर झिजेल, गाडी वळायला कुरकुरेल. एंजिनाची ओढ दोघांना द्यायची, पण वेगाचे स्वातंत्र्यही ठेवायचे, हे दुहेरी काम जी यंत्ररचना करते तिला डिफरेन्शियल म्हणतात. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर या घड्याळे बनविणाऱ्या कारागिराने ही योजना १८२० ते १८३० या दशकात वाफेच्या गाडीसाठी सुचविली. पेट्रोलची मोटार तेव्हा जन्मालाही आली नव्हती.

आज विचार करावयाचा आहे तो या यंत्ररचनेच्या एका चिमुकल्या अवताराचा. रेडिओलहरींनी दुरून चालविल्या जाणाऱ्या छोट्या मोटारींच्या शर्यती हा आता जगभर पसरलेला छंद आहे. जपानमधील तामिया या कंपनीने १९७६ साली पोर्श मोटारीची एक-बारांश आकाराची रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती बाजारात आणली. १९६३ साली स्थापन झालेल्या क्योशो या दुसऱ्या जपानी कंपनीने १९९९ साली ‘मिनी-झेड’ नावाची मोटार काढली. ती खऱ्या मोटारीच्या एक-अठ्ठाविसांश, म्हणजे तळहातावर मावेल एवढी. चार लहान सेलांवर ती धावते, आणि एखाद्या दिवाणखान्यात किंवा सभागृहात फोमच्या लाद्या जुळवून केलेला मार्ग तिला पुरतो.

एवढ्याशा खेळण्याला डिफरेन्शियल कशाला हवे, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर एका सोप्या हिशेबात आहे. समजा, मागच्या दोन चाकांमधील अंतर ६५ मिलिमीटर आहे. गाडीने अर्धवर्तुळ घेऊन तोंड फिरविले, तर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा ६५ गुणिले ३.१४, म्हणजे सुमारे २०४ मिलिमीटर अधिक धावते. गंमत अशी की, वळण ऐसपैस असो की आवळलेले, हा फरक तेवढाच राहतो. चाकाचा व्यास २४ मिलिमीटर धरला, तर त्याचा परीघ सुमारे ७५ मिलिमीटर भरतो. म्हणजे त्या एका वळणात बाहेरच्या चाकाला जवळजवळ पावणेतीन फेरे जास्त घ्यावे लागतात. वळण जितके आवळ, तितका हा फरक कमी वेळात पुरा करावा लागतो, आणि या शर्यतींच्या मार्गावर आवळ वळणेच अधिक असतात.

डिफरेन्शियलचे दोन प्रकार या छंदात रूढ आहेत. एक दातेरी चाकांचे, म्हणजे गिअर डिफरेन्शियल. दुसरे छर्ऱ्यांचे, म्हणजे बॉल डिफरेन्शियल. यांतले कोणते घ्यावे, हा नव्या खेळाडूला हमखास पडणारा प्रश्न आहे.

दातेरी प्रकार खऱ्या मोटारीतल्यासारखाच असतो. एका डबीत समोरासमोर दोन तिरप्या दात्यांची चाके बसविलेली असतात, त्यांतले प्रत्येक एकेका बाजूच्या चाकाशी जोडलेले. या दोघांच्या मधोमध लहान दातेरी चाके असतात. गाडी सरळ जाते तेव्हा मधली चाके स्वतःभोवती न फिरता सगळ्यांना बरोबर घेऊन जातात. वळणावर ती स्वतःभोवती फिरू लागतात, आणि एका बाजूचा वेग जितका वाढतो तितकाच दुसऱ्या बाजूचा कमी होतो.

या रचनेचा एक गुण आहे आणि तोच तिचा दोषही आहे. ती दोन्ही चाकांना सारखाच पीळ देते. पावसाळ्यात काळ्या जमिनीत रुतलेली जीप ज्यांनी पाहिली असेल, त्यांना याचा अर्थ सांगावयास नको. एक चाक चिखलात गरगर फिरत असते आणि कोरड्या जमिनीवरचे दुसरे चाक स्वस्थ उभे असते. चिखलातल्या चाकाला जमिनीची पकड नाही, म्हणून त्याला फिरवायला पीळ फारसा लागत नाही. आणि जेवढा पीळ त्याला, तेवढाच दुसऱ्याला. छोट्या मोटारीत चिखल नसतो, पण वळणावर भार बाहेरच्या बाजूला झुकतो आणि आतले चाक हलके होते, कधी किंचित उचललेही जाते. त्या क्षणी ते भिरभिरते. वळणातून बाहेर पडताना जेव्हा गाडीने झेप घ्यावयाची, तेव्हाच मोटारीची शक्ती हवेत जाते. शर्यत अनेकदा अशाच क्षणी हातची जाते.

यावर तोडगा म्हणून मोठ्या आकाराच्या छोट्या मोटारींत, उदाहरणार्थ एक-अष्टमांश आकाराच्या बग्गीत, डिफरेन्शियलची डबी बंदिस्त करून तिच्यात सिलिकोन तेल भरतात. तेल दाट असेल तर मधल्या चाकांना फिरायला अडथळा होतो, आणि हलक्या चाकाची भिरभिर आवरली जाते. मिनी-झेडसारख्या गाडीत मूळचे डिफरेन्शियल प्लॅस्टिकच्या दात्यांचे असते. तिथे तेल भरून ठेवण्याची सोय नसते, म्हणून खेळाडू दाट ग्रीस भरून काही अंशी तोच परिणाम साधतात.

छर्ऱ्यांच्या प्रकारात दात्यांऐवजी दाब आणि घर्षण कामाला येतात. मोटारीकडून फिरविल्या जाणाऱ्या मुख्य चकतीला गोलाकार ओळीने भोके असतात, आणि प्रत्येक भोकात एक छर्रा बसतो. चकतीच्या दोन्ही अंगांना कठीण पोलादाच्या दोन गुळगुळीत कड्या असतात, एकेका चाकाशी जोडलेल्या. एक स्क्रू आणि स्प्रिंग या कड्यांना छर्ऱ्यांवर दाबून धरतात. गाडी सरळ जाते तेव्हा छर्रे न लोळता दोन्ही कड्यांना ओढून नेतात. वळणावर ते जागच्या जागी लोळतात. एक कडी पुढे सरकते, दुसरी तेवढीच मागे पडते. दाते नसल्यामुळे खडखड नाही, सैलपणा नाही. सारे काम एका मऊ, अखंड गतीने चालते. स्क्रू किंचित आवळला की चाकांचे स्वातंत्र्य घटते, सैल केला की वाढते. हा बदल करण्यासाठी डिफरेन्शियल उघडावे लागत नाही, हे त्याचे मोठे आकर्षण.

या दोहोंमधला खरा भेद येथे लक्षात घेतला पाहिजे. तेलाचा विरोध वेगाच्या फरकाबरोबर वाढतो. चाके थोडीशी मागेपुढे झाली तर तेल जवळजवळ आड येत नाही; एक चाक भिरभिरू लागले की मात्र ते नेटाने रोखते. छर्ऱ्यांचा विरोध स्क्रूच्या दाबावर ठरतो, आणि फरक थोडा असो वा फार, तो साधारणपणे तेवढाच राहतो. त्यामुळे छर्ऱ्यांची गाडी वळणाच्या आरंभापासून शेवटपर्यंत एकसारखी वागते, आणि निसरड्या मार्गावर चालविणाऱ्याला तिचा अंदाज सहज येतो. उलट जिथे पकड भरपूर आहे, मोटार बलवान आहे आणि धक्के जबर बसतात, तिथे घर्षणावर सारा भार टाकण्यापेक्षा दाते अधिक भरवशाचे ठरतात. एक-बारांश आकाराच्या, गुळगुळीत मार्गावर धावणाऱ्या गाड्यांत छर्रे आणि मातीवर उड्या मारणाऱ्या एक-अष्टमांश बग्गीत दाते, अशी जी वाटणी रूढ झाली आहे, तिचे कारण हेच.

कोणताही प्रकार असो, स्वातंत्र्याची मात्रा बेताची ठेवावी लागते. आवळ डिफरेन्शियलची गाडी वळणातून जोराने निघते आणि सरळ रस्त्यावर स्थिर राहते, पण वळणात शिरताना नाक बाहेर काढते. सैल डिफरेन्शियलची गाडी चटकन वळते, पण जोर देताच आतले चाक भिरभिरते.

छर्ऱ्यांची किंमत मात्र पैशांखेरीज आणखी एका नाण्यात मोजावी लागते, ती म्हणजे निगा. स्क्रू फार सैल राहिला, तर छर्रे लोळण्याऐवजी घसरतात. घसरले की तापतात आणि कड्यांवर ओरखडे पाडतात. फार आवळला, तर कड्यांत खाचा पडतात. याची परीक्षा सोपी आहे. मुख्य चकती आणि एक चाक घट्ट धरावे व दुसरे चाक फिरवून पाहावे. ते सहज फिरले तर छर्रे घसरत आहेत असे समजावे. वंगणाचीही गल्लत करू नये. मुख्य छर्ऱ्यांना त्यांच्यासाठीच बनविलेले सिलिकोनचे ग्रीस लागते. स्क्रूच्या टोकाशी दाब सोसणारे जे चिमुकले बेअरिंग असते, त्याला काळे मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस चालते. तेच निसरडे ग्रीस मुख्य छर्ऱ्यांना लावले तर घर्षणावर चालणाऱ्या यंत्राचे घर्षणच नाहीसे होते. नवे किंवा नुकतेच जोडलेले डिफरेन्शियल आरंभी सैल ठेवून, हलक्या हाताने फिरवून, थोडे थोडे आवळीत न्यावे. बोटांना कचकच जाणवू लागली की उघडावे, पुसावे, कड्या तपासाव्यात.

मग नवख्याने काय घ्यावे? त्याच्या गाडीत जे दाते आले आहेत त्यांवरच त्याने पहिले काही महिने काढावेत, असे मला वाटते. ते स्वस्त आहेत, चुकीचे हाताळणे सोसतात, आणि त्यांच्यामुळे तो आपले सारे लक्ष वळणाची रेषा आणि बोटांचा संयम यांवर देऊ शकतो. आतले चाक नेमके कोठे भिरभिरते, हे ज्याला अद्याप दिसत नाही, त्याला स्क्रूचा पाव फेरा काय साधणार? ते दिसू लागले, दर फेरीला त्याच वळणावर गाडी त्याच तऱ्हेने दगा देऊ लागली, आणि संध्याकाळी छोटा पेचकस घेऊन बसण्याची हौस असली, म्हणजे छर्ऱ्यांकडे वळावे. ही हौस नसेल त्याने दातेच ठेवावेत. त्यात कमीपणा काही नाही. निगा न राखलेले छर्रे शर्यतीच्या मध्यावर घसरू लागतात, तेव्हा साधे प्लॅस्टिकचे दाते मुकाट्याने त्यांच्या पुढे निघून जातात.