पंडित आणि क्रमिक पुस्तक

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि प्राचीन ग्रंथांचा यथोचित गौरव झाला. परंतु ही भाषा शाळेच्या बाकापर्यंत ज्यांनी पोहोचविली, त्या पाठ्यपुस्तककारांचे ऋणही या निमित्ताने स्मरले पाहिजे.

दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४-१८८२) हे त्यांतील अग्रणी. १८३६ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध झाले. त्याच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणाची छाया होती. परंतु पहिल्या यशावर ते विसंबले नाहीत. १८५० साली सुधारलेली दुसरी आवृत्ती निघाली. पुढे मुलांसाठी त्यांनी 'लघु व्याकरण'ही रचले. याच लेखणीने १८६५ साली मोरोपंतांच्या 'केकावली'वर 'यशोदापांडुरंगी' ही टीका सिद्ध केली. प्रौढ काव्याचा अर्थ उलगडणे आणि बालकास विभक्ती समजावणे, ही दोन्ही कामे त्यांनी एकाच योग्यतेची मानली.

आज ही जोडी फुटली आहे. प्राध्यापकाच्या बढतीत शोधनिबंधास जे वजन आहे, ते शालेय पुस्तकास नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर, ज्या श्रमास मोबदला नाही, त्याचा पुरवठा आटतो. त्याची किंमत विद्यार्थी मोजतो. देवळीच्या शेतकऱ्याचा मुलगा घरी 'पऱ्हाटी' म्हणतो, पुस्तकात 'कापसाचे झाड' वाचतो. या दोहोंतील पूल कोणी बांधून देत नाही. मग महाविद्यालयात 'सीमांत उपयोगिता' ही संज्ञा तो पाठ करतो, पण बापाने कापसाचा शेवटचा गाठोडा कमी भावात का विकला, याच्याशी तिचा संबंध त्यास लावता येत नाही. दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे.

विदर्भात रिद्धपूर येथे आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. जुन्या पोथ्यांचे संशोधन तेथे अवश्य व्हावे. परंतु त्याबरोबरच, बोलीकडून प्रमाणभाषेकडे नेणारी क्रमिक पुस्तके लिहिणे हेही तेथील पंडितांचे नियत कर्तव्य ठरवावे आणि त्या कामास शोधनिबंधाइतकेच मोल द्यावे. अभिजाततेचा दर्जा शासन देऊ शकते. भाषेला उद्याचा वाचक मात्र क्रमिक पुस्तकच देते.