पळून आलेले मूल दारात उभे राहिले तर…

घरातून रागावून, घाबरून अथवा कुणाच्या तरी भुलथापांना बळी पडून बाहेर पडलेली अल्पवयीन मुले रेल्वे स्थानकावर, बस आगारात, ओळखीच्या कुटुंबाकडे आणि कधीकधी चर्चच्या आवारात वा धर्मभगिनींच्या कॉन्व्हेंटच्या दारातही येऊन थांबतात. अशा वेळी सज्जन माणसाच्या मनात दोन प्रकारची भीती उभी राहते. मुलाला आत घेतले तर पोलिसांचे लचांड मागे लागेल, ही पहिली. पोलिसांना कळवले तर ते मुलाला पुन्हा मारहाणीच्या घरात नेऊन सोडतील, ही दुसरी. पहिलीपोटी दार बंद होते, तर दुसरीपोटी मूल लपवले जाते. कायदा नीट समजून घेतला तर या दोन्हींची गरज उरत नाही.

मूल गुन्हेगार नव्हे

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार अठरा वर्षे पूर्ण न झालेली प्रत्येक व्यक्ती बालक होय. घर सोडून जाणे हा बालकाचा गुन्हा ठरत नाही. उलट, हरवलेल्या व पळून आलेल्या मुलांना हा कायदा ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ या वर्गात घालतो. म्हणून अशा मुलाला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. प्रत्येक पोलीस ठाण्यात किमान एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावा, असेही हा कायदा सांगतो.

चोवीस तासांचा नियम

पालकांपासून दुरावलेले, हरवलेले, टाकून दिलेले वा निराधार भासणारे मूल ज्याच्या हाती येईल, त्याने चोवीस तासांच्या आत कळवले पाहिजे. प्रवासाला लागणारा वेळ यात धरला जात नाही. चाइल्डलाइन, जवळचे पोलीस ठाणे, बाल कल्याण समिती वा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी कोणालाही कळवता येते. मुलाला नोंदणीकृत बालगृहाच्या स्वाधीनही करता येते. हे कर्तव्य सामान्य नागरिकाला, रुग्णालयाला आणि संस्थाचालकांनाही सारखेच लागू आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

याचा अर्थ असा की, भुकेल्या मुलाला जेवू घालणे, रात्री सुरक्षित जागा देणे हा अपराध नाही. आसरा दिल्याची वार्ता दडवून ठेवणे हा मात्र अपराध आहे. दया आणि कायदा यांच्यामध्ये केवळ एका दूरध्वनीचे अंतर आहे.

तो क्रमांक १०९८. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून ही मोफत सेवा सुरू झाली. २०२३ मध्ये ती शासकीय यंत्रणेकडे आली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडण्यात आली.

अपहरणाचा आरोप केव्हा?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ नुसार, बालकाला कायदेशीर पालकाच्या ताब्यातून त्याच्या संमतीविना नेणे वा फूस लावून काढणे याला सात वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. पूर्वीच्या दंड संहितेत मुलग्यासाठी वयोमर्यादा सोळा व मुलीसाठी अठरा होती. आता ती दोघांसाठी अठरा आहे. येथे मुलाची स्वतःची संमती बचाव ठरत नाही.

मात्र १९६४ साली एस. वरदराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा भेद केला. समजत्या वयाची अल्पवयीन व्यक्ती आपण होऊन घर सोडून आली आणि दुसऱ्याने तिला केवळ सोबत राहू दिले, तर तेवढ्यावरून ‘नेणे’ सिद्ध होत नाही. चिथावणी वा सक्रिय सहभाग असावा लागतो. परंतु अपहृत बालक आहे हे माहीत असूनही त्याला लपवणाऱ्याला अपहरणकर्त्याइतकीच शिक्षा सांगितली आहे. प्रेमसंबंधातून पळून आलेल्या सतरा वर्षांच्या मुलीला मित्राच्या घरी ठेवून घेणाऱ्या कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावे. बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यात (पोक्सो, २०१२) अठरा वर्षांखालील संमतीला अर्थ नाही, आणि अत्याचाराची माहिती असूनही न कळवणे हाही गुन्हा आहे.

मुलाचे पुढे काय होते?

मुलाला चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करतात. अध्यक्ष व चार सदस्य अशा या समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. समितीची बैठक नसेल तेव्हा मुलाला एका सदस्यापुढेही नेता येते. समिती मुलाचे म्हणणे ऐकते, घरच्या परिस्थितीचा सामाजिक अहवाल मागवते आणि मगच निर्णय देते. कुटुंबात परतणे हे पहिले उद्दिष्ट खरे. पण ते मुलाच्या हिताचे असेल तरच. घर सुरक्षित नसल्यास बालगृह, प्रतिपालक कुटुंब किंवा समितीने पडताळणी करून मान्यता दिलेली ‘योग्य व्यक्ती’ असे पर्याय आहेत. एखाद्या कुटुंबाला मुलाची जबाबदारी खरोखर घ्यावयाची असेल, तर हा सरळ मार्ग मोकळा आहे. म्हणून घरी मारहाण होते असे मूल सांगत असेल, तर परस्पर पालकांच्या हाती न सोपवता समितीला सांगावे.

काही पथ्ये

मुलाचे छायाचित्र वा नाव व्हॉट्सअॅप गटावर टाकू नये. ओळख उघड करणे दंडनीय आहे. ‘राहू दे, घरकामाला मदत होईल’ हा विचार तर सर्वथा टाळावा. चौदा वर्षांखालील मुलास कामाला ठेवणे हा दखलपात्र गुन्हा आहे. नोंदणीविना मुलांना कायम ठेवून घेणाऱ्या संस्थेचा हेतू कितीही चांगला असला, तरी तिच्या चालकांना वर्षभरापर्यंतच्या कारावासाची वा किमान एक लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

आपलेच मूल हरवले असेल, तर बदनामीच्या भीतीने दोन दिवस वाट पाहू नये. बेपत्ता बालकाच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवून तपास करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये दिला आहे. ‘चोवीस तासांनी या’ असे कोणी म्हटल्यास त्या आदेशाची आठवण करून द्यावी.

१०९८ हा क्रमांक प्रत्येक धर्मग्रामाच्या सूचना फलकावर आणि प्रत्येक घराच्या दाराआड लिहिलेला असावा. दार उघडणाऱ्याला तो धीर देईल आणि दारातल्या मुलाला न्याय.