जहाजाच्या यादीतले नाव आपल्या घरचे का?

मुलूख सोडून गेलेल्या माणसाचे नाव गावात फार दिवस टिकत नाही. जुनी माणसे गेली की तेही जाते. पण समुद्रापार मॉरिशस बेटावर गेलेल्या मजुरांची नावे बापाच्या नावासकट कागदावर राहिली आहेत. त्यांची पतवंडे, खापरपतवंडे त्या कागदावरून आज मूळ गाव शोधतात. असा कागद उद्या कोणी पहूरला घेऊन आला, तर तो वाचायचा कसा?

मॉरिशसमध्ये १८३५ साली गुलामगिरी बंद झाली आणि उसाच्या मळ्यांना मजूर कमी पडू लागले. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय माणसे कराराने तिकडे नेली गेली. जहाजे कलकत्ता, मद्रास व मुंबईहून सुटत. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी, साताऱ्याकडचे मराठी लोक पुष्कळ होते. तेथे गणेशचतुर्थीला आजही सरकारी सुट्टी असते.

या नोंदी मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवल्या आहेत. प्रत्येक माणसाला एक नंबर दिलेला असे. नंबरापुढे जहाज, तारीख, नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव आणि जिल्हा. पुढच्या काळातल्या कित्येकांचे फोटोही आहेत.

नाव आणि आडनाव

यादीत आडनाव बहुधा नसते. पाटील, महाजन शोधत बसू नये. तिकडे आजोबाचे नावच पुढे आडनाव झाले, म्हणून सखाराम, रामजी ही तेथे आडनावे आहेत. शिवाय कारकुनाने कानावर पडले तसे इंग्रजीत लिहिले. तेव्हा नाव डोळ्यांनी वाचू नये, मोठ्याने म्हणून पाहावे.

गाव आणि जिल्हा

१९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्याआधीच्या कागदावर नुसते ‘खानदेश’ असेल, तर आजचे जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे धुंडाळावे लागतील. नुसते ‘पहूर’ एवढ्यानेही भागत नाही. आपल्याकडेच पहूर पेठ आणि पहूर कसबे अशी दोन गावे आहेत. तालुका जुळतो का ते पाहावे. ‘मुंबई’ लिहिले असेल तर ते बंदराचे नाव असू शकते, घराचे नव्हे.

वय आणि जात

वय अंदाजाने लिहिलेले असे. पाच वर्षे इकडे-तिकडे धरावीत. जातही लिहिणाऱ्याच्या समजुतीप्रमाणे पडे. या दोहोंवर भरवसा कमी ठेवावा.

आपल्याकडचा पुरावा

यादी बोटावर धरून दार दाखवते, आत नेत नाही. पुढचे काम गावातच होते. तहसील कार्यालयातले जुने कोतवाल बुक पाहावे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत पिढ्यांची नावे मिळतात. भाटांच्या वह्या असतात. घरातल्या म्हाताऱ्या बायांना विचारावे. ‘एक भाऊ गेला तो आलाच नाही’ ही गोष्ट त्यांनाच ठाऊक असते. माणसाचे नाव, बापाचे नाव आणि गाव ही तीनही जुळली तरच नाते धरावे. एकच जुळले तर पाहुण्याला चहा-पाणी करावे, पण ‘तुम्ही आमचेच’ म्हणू नये.

मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसमध्ये सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशजांसाठी ओसीआय कार्डाची सोय जाहीर केली. त्यामुळे असे शोध वाढतील. ग्रामपंचायतीने दाखला जुने दप्तर पाहूनच द्यावा. घरच्यांनीही समजल्याशिवाय कशावर सही-अंगठा करू नये.

मात्र कोणी कागद घेऊन दारी आला की ‘जमीन मागायला आला’ असे मनात आणून त्याला परतवू नये. गेलेला माणूस बापाचे आणि गावाचे नाव सांगून जहाजात चढला होता. त्या दोन नावांची खात्री करून देणे एवढेच गावाच्या हाती आहे. नाव जुळले नाही तर तसे स्पष्ट सांगावे. त्यानेही त्याची पुढची वाट सोपी होते.