महाविद्यालयीन ग्रंथालय व दृश्य साक्षरता : एका छायाचित्राच्या आधारे विवेचन

प्रस्तावना

आजचा महाविद्यालयीन विद्यार्थी जितके वाचतो, त्याहून कितीतरी अधिक पाहतो. वर्तमानपत्रातील छायाचित्र, क्रमिक पुस्तकातील आलेख, नकाशा, भ्रमणध्वनीवर आलेली चित्रफीत हे सारे त्याच्या डोळ्यांखालून जाते. परंतु पाहिलेले समजले असे नव्हे, हे त्याला सांगण्याची सोय अभ्यासक्रमात क्वचितच आढळते. प्रकल्पवहीतील चित्राखाली 'इंटरनेटवरून साभार' एवढेच लिहिलेले असते आणि परीक्षकही तेवढ्यावर समाधान मानतात. ही उणीव ग्रंथालयाच्या उपक्रमांतून कशी भरून काढता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना

'दृश्य साक्षरता' ही संज्ञा ईस्टमन कोडॅक कंपनीत काम करणाऱ्या जॉन डेबेस यांनी १९६९ मध्ये रूढ केली. चित्राचा अर्थ लावणे, त्याची विश्वासार्हता पारखणे व त्याचा जबाबदारीने वापर करणे या क्षमता तीत अभिप्रेत आहेत. अमेरिकेतील असोसिएशन ऑफ कॉलेज अँड रिसर्च लायब्ररीज या संस्थेने २०११ मध्ये उच्च शिक्षणासाठी दृश्य साक्षरतेची सात मानके प्रसिद्ध केली आणि २०२२ मध्ये नवी चौकट मांडली. ही मानके कलाशिक्षकांच्या नव्हे, तर ग्रंथपालांच्या संघटनेने सिद्ध केली, ही बाब लक्षणीय आहे. तिचे कारण एका प्रसिद्ध उदाहरणावरून स्पष्ट होते.

एक छायाचित्र व त्याची नोंद

डोरोथिआ लँग यांनी मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे घेतलेले, पुढे 'मायग्रंट मदर' या नावाने ओळखले गेलेले छायाचित्र वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. तेथील सुमारे १,७५,००० कृष्णधवल निगेटिव्हांच्या संग्रहाचा ते एक भाग होय. ते सरकारी कामासाठी घेतलेले असल्याने वर्गात वापरण्यास स्वामित्वहक्काची अडचण नाही.

याच ग्रंथालयाने शिक्षकांसाठी निरीक्षण, चिंतन व प्रश्न अशी त्रिविध पद्धत सुचविली आहे. त्यानुसार प्रथम कोणतीही माहिती न देता छायाचित्र दाखवावे. मध्यभागी एक स्त्री, गालाजवळ टेकलेला हात, तिच्या खांद्यांशी तोंड फिरवून बिलगलेली दोन मुले, मांडीवर तान्हे बाळ. एवढे डोळ्यांना दिसते. 'असहाय आई' हे मात्र दिसत नाही, तो पाहणाऱ्याने काढलेला अर्थ आहे. 'हे कशावरून म्हणता?' हा साधा प्रश्न येथे विचारला, की निरीक्षण व अनुमान यांतील भेद विद्यार्थ्याला स्वतःच उमगू लागतो.

यानंतर ग्रंथालयातील नोंद समोर ठेवावी. मूळ मथळ्यात वाटाण्याच्या शेंगा तोडणारे निराधार मजूर, सात मुलांची आई, वय ३२, असा मजकूर आहे, नाव नाही. त्याच वेळी घेतलेली इतर छायाचित्रे पाहिली, की तंबू व भोवतालचा उघडा परिसर दिसू लागतो आणि गाजलेल्या चित्रात चौकट किती जवळ आणली होती, हे ध्यानात येते. त्याच्या उजव्या कोपऱ्यात तंबूच्या खांबावर टेकलेला एक अंगठा होता. तो पुढे निगेटिव्हवरच पुसट करण्यात आला. फेरफार हा केवळ संगणकयुगाचा रोग नव्हे, हे सांगण्यास याहून सोपा दाखला सापडणे कठीण.

त्या स्त्रीचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. ते १९७८ मध्ये जगापुढे आले. ती चेरोकी या मूळ अमेरिकन जमातीची होती. या छायाचित्रातून आपल्याला काहीही मिळाले नाही, अशी तिची तक्रार होती. त्या कुटुंबाने अन्नासाठी मोटारीची चाके विकली, असे लँग यांनी १९६० मध्ये लिहिले होते. कुटुंबीयांनी ते नाकारले. छायाचित्रे प्रसिद्ध झाल्यावर त्या छावणीकडे अन्नाची मदत धाडण्यात आली खरी. पण तोपर्यंत हे कुटुंब तेथून निघून गेले होते.

यांतील एकही गोष्ट चित्राकडे कितीही वेळ टक लावून पाहिल्याने कळत नाही. निगेटिव्ह, मथळा, दिनांक व सोबतची छायाचित्रे कोणीतरी एकत्र जपून ठेवल्यामुळेच ती कळते. शोधयंत्रातून उतरविलेल्या चित्राचा हाच भाग गळालेला असतो. म्हणून या शिक्षणाची स्वाभाविक जागा ग्रंथालय होय. अर्थात नोंद म्हणजे अंतिम सत्य नव्हे. मथळाही एका सरकारी खात्याच्या गरजेतून लिहिला गेला होता व त्याचीही तपासणी विद्यार्थ्याने केली पाहिजे.

आपल्या ग्रंथालयांतील शक्यता

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत १२ ऑगस्टचा ग्रंथपाल दिन व १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन ग्रंथप्रदर्शन भरवून साजरे होतात. टेबलांवर पुस्तके मांडली जातात, विद्यार्थी रांगेने पुढे सरकतात आणि उपस्थितीची नोंद होते. प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. त्याच तासाभरात वीस विद्यार्थ्यांच्या गटापुढे वरील पद्धतीने एकच चित्र ठेवता येईल. इतिहास, अर्थशास्त्र वा मराठी विभागाचा शिक्षक सोबत असल्यास उत्तम. कारण ग्रंथपालाला नोंद वाचता येते, विषयाचा तपशील शिक्षकच पुरवू शकतो. यास वेगळा निधी लागत नाही.

सामग्रीही जवळच आहे. जुन्या मराठी मासिकांची व दिवाळी अंकांची मुखपृष्ठे, त्यांतील व्यंगचित्रे आणि साबण, औषधे, कापड यांच्या जाहिराती ही त्या काळातील स्त्रीप्रतिमा, वेशभूषा व शहरी राहणी अभ्यासण्याची मोलाची साधने आहेत. दीनानाथ दलालांसारख्या चित्रकाराने आपल्या कामाचा मोठा वाटा मुखपृष्ठांसाठीच दिला. परंतु अनेक ग्रंथालयांत अंक बांधणीस देताना मुखपृष्ठे व जाहिरातींची पाने 'अनावश्यक' म्हणून काढून टाकण्याची रीत होती. त्यामुळे खंडात कथा शिल्लक राहते आणि ज्या चित्रामुळे वाचकाने तो अंक हाती घेतला, ते नाहीसे होते. ज्या ग्रंथालयांत सुटे अंक अद्याप बांधणीविना पडून आहेत, तेथे हे नुकसान टाळता येईल. बांधणीकाराला द्यावयाच्या सूचनापत्रात 'मुखपृष्ठ व जाहिरातींची पाने काढू नयेत' ही एक ओळ त्यासाठी पुरेशी आहे.