एक सर्व्हर, अनेक पाट्या

भोसरी एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्याची वेबसाइट आठवडाभर कुणी उघडली नाही तरी मालकाला पत्ता नसतो. मेल तासभर अडला की मात्र लगेच फोन येतो. मोठ्या कंपनीच्या परचेसकडून ड्रॉइंग मेलवर येतं, कोटेशन मेलवर जातं, पीओ मेलवर येते आणि माल रिजेक्ट झाला तर डेबिट नोटही मेलवरच. भोसरी, तळवडे, चाकण भागातल्या अशा काही कारखान्यांची डोमेनं मी एकाच सर्व्हरवर सांभाळतो. वेबसाइट चालवणं सोपं आहे. खरी जबाबदारी मेलची.

सर्व्हर म्हणजे भाड्याने घेतलेलं लिनक्स मशीन आणि त्याला एक आयपी पत्ता. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात मिळून सुमारे 430 कोटीच, त्यामुळे प्रत्येक वेबसाइटला वेगळा देणं परवडत नाही. 1997 च्या एचटीटीपी 1.1 नियमावलीने ब्राउझरला हव्या असलेल्या साइटचं नाव सांगणं बंधनकारक केलं आणि एका पत्त्यावर कितीही पाट्या लावता येऊ लागल्या. कुलूपबंद एचटीटीपीएसमध्ये अडचण उरली होती, कारण नाव कळण्याआधीच प्रमाणपत्र दाखवावं लागायचं. त्यावरचा तोडगा 2003 मध्ये आला. 2015 च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्टची फुकट प्रमाणपत्रं सर्वांना खुली झाली. मी ती 90 दिवसांची घेतो, ती आपोआप नवी होतात. प्रत्येक साइट वेगळ्या लिनक्स युजरखाली ठेवायची, म्हणजे एकीत कुणी घुसलं तरी शेजारच्या फोल्डरला हात लागत नाही. वेबचं एवढ्यावर भागतं.

येणाऱ्या मेलचंही तसंच. पत्त्यातच डोमेन असतं, पोस्टफिक्स हा मेल हाताळणारा प्रोग्राम तक्त्यात बघतो आणि ज्याचा मेल त्याच्या खात्यात टाकतो. जाणारा मेल मात्र सगळ्यांचा एकाच आयपीवरून बाहेर पडतो आणि पलीकडचा सर्व्हर आधी तो आयपीच तपासतो. एका शेडमधल्या पाच गाळ्यांना एकच मीटर असावा, एकाने बिल थकवावं आणि पाचही गाळ्यांत अंधार व्हावा, तशी ही गत.

हे प्रत्यक्ष घडलेलं आहे. एका टर्निंग शॉपच्या अकाउंट्सच्या मेलबॉक्सचा पासवर्ड म्हणजे कंपनीचं नाव आणि पुढे 123. संध्याकाळी मेलची रांग पाहिली तर एरवी पाच-सहा मेल असतात तिथे हजारो. लॉगमध्ये ओळीमागून ओळ तेच लॉगिन, पण प्रत्येक ओळीत परदेशातला वेगळा आयपी. आधी पासवर्ड बदलला, मग त्या पाठवणाऱ्याचे सगळे मेल रांगेतून काढले. तोवर आयपी काळ्या यादीत गेला होता. चाकणच्या फिक्स्चर बनवणाऱ्या कारखान्याचं कोटेशन 550 क्रमांकाचा नकार घेऊन परत आलं. मालक फोनवर म्हणाले, "साहेब, उद्या अकरापर्यंत द्यायचंय. पासवर्ड त्यांचा फुटला, आमचा काय संबंध?" त्यांचं म्हणणं शंभर टक्के रास्त होतं. यादीतून नाव निघेपर्यंत त्यांचे मेल दुसऱ्या सेवेमार्फत वळवले, कोटेशन वेळेत गेलं.

तेव्हापासून प्रत्येक मेलबॉक्सला ताशी मर्यादा आहे. कुणी कुरकुरलं तरी मी ती काढत नाही. प्रत्येक डोमेनला स्वतंत्र डीकेआयएम किल्ली दिली. जाणाऱ्या मेलवर तिची सही होते आणि मेल वाटेत बदललेला नाही हे पलीकडे पडताळता येतं. या डोमेनच्या नावाने कोणत्या सर्व्हरने मेल पाठवावा ते एसपीएफ नोंद सांगते. दोन्हींत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते डीमार्क सांगतं. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहूने या बाबतीत कडक धोरण घेतलं, ते चांगलंच झालं. 'आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचं पेमेंट इथे करा' असे बनावट मेल ज्यांना आले आहेत त्यांना याचं मोल कळतं. पण एका अक्षराचा फरक असलेलं डोमेन घेऊन कुणी लिहिलं, तर यातलं काहीच कामी येत नाही. खातं बदलल्याचा मेल आला की जुन्या नंबरवर फोन करूनच खात्री करा, असं मी प्रत्येक अकाउंटंटला बजावतो.

मोठे अपडेट गुरुवारी. या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची सुट्टी त्या दिवशी असते, सर्व्हर दहा मिनिटं बंद ठेवला तरी कुणाचं अडत नाही.

नवा कारखाना आला की आधी विचारतो, डोमेन कुणाच्या नावावर आहे? पुष्कळदा ते वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या नावावर निघतं. तो नंबर बदलून गेला आणि मुदत संपली तर साइट आणि मेल दोन्ही एकदम जातात. म्हणून आधी डोमेन मालकाच्या नावावर करायचं, मगच सर्व्हरवर घ्यायचं.

सगळ्यात जास्त मेल पाठवणाऱ्या कारखान्यासाठी आता वेगळा आयपी घेतला आहे. नव्या आयपीवरून पहिल्याच दिवशी सगळे मेल सोडले तर पलीकडचे सर्व्हर संशय घेतात, म्हणून आकडा हळूहळू वाढवावा लागतो. सध्या तिथून फक्त बिलं जातात. ती बिनबोभाट पोचायला लागली की कोटेशनंही तिकडेच वळवणार आहे.